दारातला जय भीम

आमच्या अण्णांचा घरात एकच कायदा होता. दारात आधी 'जय भीम', मग चपला काढायच्या. शाळेतून भुकेने कळवळत आले तरी मला सूट नव्हती. अंबरनाथच्या कारखान्यात ते फिटर होते; तिथला साहेबसुद्धा शेवटी कंटाळून जय भीम करायला लागला. उल्हासनगर कॅम्प एकमधला त्यांचा सिंधी कापडवाला तर दुरूनच "जय भीम, साईं!" म्हणून हाक मारायचा. अण्णांना वाटायचं, आपण माणूस सुधारला. मला वाटायचं, त्याने गिऱ्हाईक पटवलं.

अण्णा रिटायर झाले, आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहायला आलो आणि त्यांचं काहीतरी बिनसायला लागलं. एका महिन्यात त्यांनी पँटसाठी तेच तपकिरी कापड तीनदा आणलं. शेवटी कापडवाल्यानेच मला सांगितलं, "बेटी, साईं को बोल, ब्राऊन बहुत हो गया." आई म्हणाली, "साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!" मी म्हटलं, उरलेल्याचे पडदे शिवू. खरं तर मी घाबरले होते. पण आमच्याकडे घाबरलं की टिंगल करतात.

मग एक दिवस ते दूध आणायला गेले आणि आमच्याच गल्लीत हरवले. तेव्हा मात्र सर्दीचं निमित्त करून मी त्यांना नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर माझ्याहून लहान, नवाकोरा. अण्णांनी केबिनबाहेर चपला काढल्या, दारातच कमरेत वाकले, हात जमिनीपर्यंत नेला आणि म्हणाले, "जोहार, मायबाप."

डॉक्टरने केसपेपरवर पेन टेकवलं. "जोहार आडनाव का?"

मला फस्सकन हसू आलं आणि लगेच रडू. गावी आमचे आजोबा पाटलाच्या अंगणाबाहेर उभे राहून असंच वाकायचे, हेच म्हणायचे. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा अण्णांनी हा शब्द टाकला तो टाकलाच. आमच्या घरात शिव्या चालायच्या, हा शब्द नाही. त्यांच्या तोंडून तो मी एकदाच ऐकला होता, तोही दातओठ खाऊन. त्यांनी पँट विसरावी, गल्ली विसरावी, माझं नावही विसरावं, माझी काही तक्रार नव्हती. पण या माणसाने परत त्या अंगणाबाहेर जाऊन उभं राहावं, हे मला सहन होणार नव्हतं.

मी उठले, त्यांच्यासमोर गेले आणि बाहेरच्या बाकावरचे पेशंट दचकतील अशा आवाजात म्हणाले, "अण्णा, जय भीम!"

अण्णा हळूहळू सरळ झाले. पाठ ताठ झाली.

"जय भीम," ते म्हणाले. मग माझ्यावरच डाफरले, "एवढी वरडतेस कशाला? मी काय इसरलोय का?"