एक सकाळचा, एक संध्याकाळचा

मध्यभारत राज्याला दोन राजधान्या होत्या. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. सचिवालयातली माणसं, त्यांत माझे यजमानही, दसऱ्याच्या सुमारास फायली, पेट्या, वळकट्या घेऊन ग्वाल्हेरला जायची आणि चैत्र सरता सरता परत यायची. बरेच जण बिऱ्हाड बरोबर न्यायचे. माझी मुलींच्या शाळेतली नोकरी होती आणि सासूबाईंना प्रवास झेपत नसे, म्हणून आम्ही दोघी इंदुरातच राहायचो. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं आम्ही नवराबायको अशी अर्ध्या अर्ध्या वर्षाची होतो.

ह्यांना पक्ष्यांचं वेड होतं. लहानपणी वडिलांबरोबर सिरपूरच्या तळ्यावर जायचे, तेव्हापासूनचं. पण दूरदेशाहून बदकं यायची ती दिवाळीनंतर, आणि होळीच्या मागेपुढे निघून जायची. म्हणजे पक्षी इंदुरात असायचे तेव्हा हे ग्वाल्हेरला, आणि हे परत यायचे तोवर तळ्यात म्हशी बसलेल्या असायच्या.

दुसऱ्या वर्षी निघण्याआधी त्यांनी महूहून एक जुना घडीचा कॅमेरा आणला. विलायतेला परत चाललेल्या कुणा फौजी साहेबानं विकायला काढलेला. तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी नसेन, पण ते येतील. तू काढून पाठव."

मी तोवर कॅमेऱ्याला हातसुद्धा लावलेला नव्हता.

रविवारी सकाळी सासूबाई आणि मी टांग्यानं तळ्यावर जायचो. त्या वडाखाली सतरंजी टाकून जप करायच्या आणि मी काठाकाठानं फिरायची. पहिला रोल धुऊन आला तो मी जसाच्या तसा पाठवून दिला. आठवड्यानं उत्तर आलं. "तळं फार सुरेख आलं आहे. पक्षी कुठे आहे, तेवढं पुढच्या वेळी बाण काढून दाखव."

मी हसले आणि मग मला रडूही आलं. फोटोतला पक्षी खरंच तिळाएवढा होता.

राजवाड्यामागच्या गल्लीत एक वृद्ध फोटोग्राफर होते. पूर्वी दरबारच्या कामावर असायचे; आता लग्नाचे नि शाळेच्या ग्रुपचे फोटो काढायचे. सगळे त्यांना काकासाहेब म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. माझ्या प्रती त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिल्या.

"ताई, तुम्ही उभ्यानं काढता ना?"

"हो."

"पक्षी पाण्यावर बसलाय आणि तुम्ही छतावरून बघितल्यासारखं बघता. बैठिये. चिखलात बसा. त्याच्या डोळ्याच्या बरोबरीनं या. आणि ही पांढरी साडी नका नेसू. तो तुम्हाला कोसावरून बघत असेल."

मग त्यांनी पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढले. ते एकमेकांवर ठेवले की मधे चौकट व्हायची, आणि सरकवली की लहानमोठी होत जायची. माझ्या एका फोटोवर त्यांनी ती चौकट फिरवली. आभाळ गेलं, अलीकडचा काठ गेला, उरलं एक बदक आणि थोडं पाणी. मी काढलेल्याच फोटोत हे होतं आणि मला दिसलं नव्हतं.

"आता बघा, हा मधोमध खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. तो कुठे बघतोय? डावीकडे. मग डावीकडे त्याला जागा द्या. त्याला जायला जागा पाहिजे की नाही?"

शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा मी तिथं जाऊ लागले. स्टुडिओमागच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागद द्रावणात बुडवायचा आणि वाट बघायची. आधी पाण्याची रेघ यायची, मग चोच. काळपट राहिलेल्या बाजूवर प्रकाश कमी पडावा म्हणून तारेला लावलेली पुठ्ठ्याची टिकली दिव्याच्या नि कागदाच्या मधे हलवत राहायची, हे त्यांनी शिकवलं. धुळीमुळे उमटलेले पांढरे ठिपके बारीक कुंचल्यानं कसे भरायचे, तेही. एकदा मी एका टिटवीच्या पायाशी आलेली वाळकी काडी पुसायला निघाले तर त्यांनी विचारलं, "ही काडी तिथं होती का?"

"होती."

"मग असू द्या. धूळ आपली असते, काडी तिची आहे."

त्या हिवाळ्यात मी मातकट साडी नेसून, गुडघे चिखलात रोवून, तासतास बसायला शिकले. सासूबाई म्हणायच्या, "एवढी स्थिर तू पूजेला बसत नाहीस." पण घरी आल्यावर गरम पाणी त्याच काढून द्यायच्या.

ह्यांच्या पत्रांत आता चेष्टा कमी झाली. प्रत्येक फोटोवर पानभर लिहायचे. मागचा बाभळीचा बुंधा पक्ष्याच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो, दोन पावलं सरकली असतीस तर टळला असता. तीन बदकांपैकी तिसऱ्याची शेपटी कापली गेली आहे, एक तर पूर्ण घे नाहीतर सोडून दे. आणि शेवटी एखादी ओळ, की इथे थंडी फार आहे, खोलीत तिघं जण आहोत, तुझ्या हातची आमटी आठवते. मी ती ओळ आधी वाचायची आणि मग फोटोचं.

तिसऱ्या वर्षी मी एक गोष्ट केली.

त्यांना चक्रवाकाची जोडी हवी होती. आमच्याकडे त्याला सुरखाब म्हणतात. नारिंगी अंगाचं मोठं बदक. दर पत्रात विचारायचे. दोन महिने मी सकाळी, कधी संध्याकाळीही, त्या जोडीमागे होते आणि ती दोघं कधी जवळ यायची नाहीत, आलीच तर माझी चाहूल लागून उडायची. माझ्याकडे नराचा एक स्वच्छ फोटो होता आणि मादीचा एक. मकरसंक्रांत जवळ आली होती. तिळगुळाबरोबर जोडी पाठवायची असं मी मनात धरलं होतं.

मी काकासाहेबांना विचारलं, दोघांना एका फोटोत आणता येईल का.

त्यांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग म्हणाले, "येईल. दरबारात अशी कामं पुष्कळ केलीत. घरच्या ग्रुपमध्ये जो माणूस नसायचा, तो मागाहून उभा करायचो." आणि थोड्या वेळानं, "पण ज्याला पाठवणार त्याला सांगून टाका, ताई."

त्यांनी दोन्ही प्रती कापल्या, चिकटवल्या, त्याचा पुन्हा फोटो घेतला, सांधा कुंचल्यानं मिटवला, पाण्यात मादीचं प्रतिबिंबही रंगवलं. दोघं शेजारी शेजारी, एकाच दिशेला बघत. मी पाठवला आणि काही सांगितलं नाही.

ह्यांचं पत्र चार दिवसांत आलं. एवढं आनंदाचं पत्र त्यांनी मला कधी लिहिलं नव्हतं. ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता. "तू किती वाट पाहिली असशील," असं लिहिलं होतं. ते वाक्य वाचून मी पत्र मिटून ठेवलं. कबूल करायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं लिहून पाकीट बंद केलं.

चैत्रात ते आले. फोटो चौकट करून आणला होता, तो बैठकीत लावला. येईल त्याला दाखवायचे आणि मी आत निघून जायची. आठएक दिवसांनी सकाळी चहा पिताना त्यांनी तो खाली काढून मांडीवर घेतला.

"नरावर ऊन डावीकडून आहे," ते म्हणाले. "मादीवर उजवीकडून. ह्यातला एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा, ना?"

मी म्हणाले, "हो."

"कधी कळलं तुला, की मला कळेल?"

"पाठवला तेव्हाच."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "एकटा पाठवला असतास तरी मला पुरला असता. मी तिथं नसतो गं. तिथं जे असतं ते मला तुझ्याकडूनच कळतं."

चौकट त्यांनी कपाटात ठेवली. त्या उन्हाळ्यात पुन्हा तो विषय निघाला नाही, पण मी काढलेला जुना फोटो हातात घेतला की ते आधी ऊन कुठल्या बाजूनं आहे ते बघायचे. नकळत बघायचे, आणि मला ते दिसायचं.

पुढच्या हिवाळ्यात मी एकही फोटो असा पाठवला नाही की ज्याच्या मागे तो दिवस, ती वेळ लिहिलेली नव्हती. वाईट आले तेही पाठवले. पौषात एका धुकट सकाळी एक शेकाट्या, लांब काटकुळ्या पायांचा, पाण्यात एकटा उभा मिळाला. एक पाय उचललेला. मी चौकट अगदी त्याच्या अंगाबरोबर आणली होती. काकासाहेबांनी ती सरकवून निम्म्याहून जास्त पाणी परत आत घेतलं. "राहू द्या रिकामं," म्हणाले. ह्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. "हा खरा आहे." त्याच्यावर मी तो हिवाळा काढला.

शेवटच्या वर्षी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ह्यांना भर थंडीत आठ दिवसांची रजा मिळाली. सातव्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "माझ्या डोळ्यावर पट्टी आहे, तुमच्या नाही. जाऊन या."

आम्ही उजाडताना पोचलो. तळं भरलेलं होतं. हे काठावर चिखलात बसले, मी नेहमी बसायची तसेच. पलीकडे चक्रवाकांची जोडी होती, एकमेकांपासून वीसेक हात दूर. मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी मान हलवली.

"हे रोज असेच असतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज."

"मी ग्वाल्हेरला असतो तेव्हाही?"

मी कॅमेरा मिटून त्यांच्या शेजारी बसले. ऊन वर येईतो आम्ही तिथंच होतो. त्या सकाळचा एकही फोटो माझ्याजवळ नाही.

त्यानंतर वर्षभरातच मध्यभारत संपलं. नवं राज्य झालं, सचिवालय भोपाळला गेलं आणि आम्ही सगळेच बिऱ्हाडासह तिकडे गेलो. निघताना काकासाहेबांनी मला ते दोन पुठ्ठे दिले. पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

भोपाळला तळं घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, पक्षी भरपूर, आणि हे बाराही महिने घरी. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मी फोटो काढत राहिले आणि ते पूर्वीपेक्षा चांगले यायचे. हे बघायचे, "छान" म्हणायचे आणि वर्तमानपत्र उचलायचे. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मला मात्र ग्वाल्हेरच्या शिक्क्याचं पाकीट आठवायचं.

एका रविवारी मी त्यांना म्हणाले, "ह्या फोटोवर मला पूर्वीसारखं पत्र लिहून द्या."

ते हसले, पण कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. अर्ध्या तासानं बाहेर येऊन कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू स्वयंपाकघरात भांडी वाजवत होतीस. पुढे सुचेना."

कागदावर फक्त मायना होता, "प्रिय सौभाग्यवतीस", आणि पुढे एक स्वल्पविराम.