माझ्या नावावरचा नमुना

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी अंगणात सोयाबीन चाळत होते. नर्सबाई म्हणाल्या, "तुमचा रिपोर्ट चांगला आला. विषाणू नाही दिसला." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. चाळणी पुन्हा हातात घेतली तेव्हा लक्षात आलं की या वर्षी मी नमुना दिलाच नव्हता.

आदल्या वर्षी दिला होता. केनवडहून आम्हा बायकांना गाडीने रिसोडला नेलं होतं, गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीला. माझ्यात एचपीव्ही नावाचा विषाणू निघाला. पेशी मात्र ठीक होत्या. डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. हा विषाणू पुष्कळ बायकांना होतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो. हा कॅन्सर नव्हे. पण तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहिला तर पेशी बिघडू शकतात, म्हणून वर्षाने पुन्हा बघायचं. कुठून आला, असं विचारलं तर म्हणाल्या, "कधी आला ते कोणालाच सांगता येत नाही. लग्नाच्या सुरुवातीचाही असेल. घरात भांडू नका." मी भांडले नाही. घरी आले आणि स्वयंपाकाला लागले. वर्षभर त्रास काहीच नव्हता, आठवणही फारशी आली नाही.

पुन्हा बोलावलं तो दिवस नेमका सोंगणीचा निघाला. कापायला आलेल्या सोयाबीनच्या शेंगा वाळून तडकायला लागल्या होत्या. गुत्त्याने, म्हणजे ठोक मजुरीवर ठरवलेली टोळी त्याच दिवशी येणार होती. मी शेतात गेले.

फोननंतर धाकट्या जावेला हाक मारली. ती शेजारच्याच खोलीत राहते. आली, पदराला हात पुसत.

"माह्या नावानं दवाखान्यात कोण गेलं होतं?"

"म्या," ती म्हणाली. "तुमी तं वावरात होत्या. नंबर वाया जाऊन राह्यला होता. गाडी आली, तं म्या बसली. नाव पुकारलं, तं म्या उठली."

"अवं, ते काय निंदन हाय का?"

"मले काय मालूम, बाई. तपासणी तं तपासणी. त्याईनं पडद्यामांगं नेलं, म्या गेली. लाज तं मलेच वाटली ना, तुमाले कुठी वाटली?"

तिला रागावण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे एकीला ताप आला की दुसरी तिच्या जागी निंदायला जाते, खाडा पडू देत नाही. बचत गटाच्या बैठकीला ती माझ्या जागी बसते, मी तिच्या. नवऱ्याच्या कानावर घातलं, मी पुन्हा जाते म्हटलं. तो चहा पीत होता.

"चांगलाच आला ना? मंग कायले जाऊन राह्यली?"

"तो तिचा चांगला हाय. माहा नाही."

त्याने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "उद्या मोटरसायकलवर सोडतो."

खरं सांगायचं तर न जाणं सोपं होतं. कागदावर मी बरी होते आणि मला काही दुखत नव्हतं. पण जावेच्या अंगातल्या पेशींवर माझं अंग चालणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग माझा नमुना घेतला. निकाल आला. विषाणू होता, पहिल्यासारखाच. त्यांनी वाशिमला पाठवलं. जाव सोबत आली.

तिथे दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिलं. आधी आंबट वासाचं औषध लावलं. त्याने बिघडलेली जागा पांढरी दिसते म्हणे. दिसली. चिमट्याने कणभर तुकडा काढला. चिमटा काढल्यासारखं दुखलं, तेवढंच. छताला एक पंखा होता, त्याच्या पात्यावर जाळी लोंबत होती. मी त्या जाळ्यांकडे पाहत होते. मनात काहीच नव्हतं. भीती यायला हवी होती, ती आली नाही. परतताना एसटीत जावेने बिस्किटाचा पुडा फोडला, आम्ही दोघींनी खाल्ला.

तुकड्याचा निकाल यायला दिवस लागले. त्या दिवसांत मी सोयाबीन विकलं, गव्हाला रान तयार केलं. कोणी विचारलं तर सांगायचे, अजून यायचा आहे.

निकालात बदल होता, हलका. कॅन्सर नव्हता. विषाणू अजून आहे, बदल बहुधा आपोआप जाईल, पण वर्षाने परत यायचंच, असं सांगितलं. मी मान हलवली. बरं वाटलं का? वाटलं असेल. त्या वेळी एवढंच डोक्यात होतं की पुढच्या वर्षीही हे दिवस सोंगणीचेच असणार.

जाव दाराशी उभी होती. तिला सांगितलं.

"मंग पुढच्या साली तुमच्या जागी मी जातो," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"वावरात जातो, बाई. सोंगाले. दवाखान्यात तुमीच जाजा."