मेंढ्यांसकट आवाज

शाळेतला कॉम्प्युटर कुणी वापरायचा, हे आमच्या मुख्याध्यापकांनी ठरवून टाकलं होतं. कुणीच नाही. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार पडायचा आणि परत वर चादर. बारामतीहून निरवांगीकडच्या त्या वस्तीशाळेत माझी बदली झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ती चादर ओढली. पूजाच करायची तर घरी देव्हारा आहे, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. जीभ माझी पहिल्यापासून तिखट.

मुलांनी बोलायचं आणि मुलांनीच ऐकायचं, असा पॉडकास्ट आम्ही सुरू केला. वर्गात आवाज घुमायचा म्हणून पोरांनी घरच्या गोधड्या आणून भिंतींना लटकवल्या. तरी उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला की रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून.

पाचवीतल्या एका मुलीचा नंबर लागला. तिच्या घरी अजून मेंढरं होती. त्या गोधड्यांच्या मधोमध बसवल्यावर ती मुकीच झाली. म्हणून संध्याकाळी मी मोबाइल घेऊन तिच्या मेंढरांपाशी गेले, आणि तिथं पोरीची जीभ सुटली. एवढ्या गलक्यात कोकरू आपली आई नुसत्या आवाजावरून कसं हुडकतं, ते तिनं चालता चालता सांगितलं. मागं मेंढ्यांचा कालवा चालूच होता.

दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरवर लावलं आणि वर्ग फिदीफिदी हसला. ती मान खाली घालून म्हणाली, "त्यो माझा आवाज न्हाय." त्यानंतर ती शाळेकडं फिरकलीच नाही. मला रात्रंदिवस ते टोचत होतं. पोर कायमची घरी बसली असती, आणि तिला बोलतं करणारी मीच होते.

तेवढ्यात शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख साहेब आमचं काम ऐकायला येणार असं कळलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, ते बें बें पुसून टाका, आणि एखाद्या नीट बोलणाऱ्या मुलाकडून तेच परत वदवून घ्या. मेंढ्या पुसणं अवघड नव्हतं, कॉम्प्युटरला ते चांगलं येतं. मी पुसल्या नाहीत. उलट तिच्या आईला शेतात गाठलं, आणि लेकीला त्या दिवसापुरती तरी पाठवा म्हणून हात जोडले. आमच्या घरी हात जोडायची सवय नाही कुणाला.

साहेबांपुढं तोच भाग लावला. पहिली मेंढी ओरडली तसा मुख्याध्यापकांचा हात माऊसकडं गेला. मी मधे उभी राहिले आणि आवाज आणखी वाढवला. नोकरी काय, दुसरीकडं बदली करतील, असं मनात म्हणत होते.

सगळं ऐकून झाल्यावर साहेबांनी विचारलं, ही कोण बोलतेय? मी मुद्दाम नाव सांगितलं नाही.

मागच्या ओळीत ती उभी राहिली. "माझा आवाज हाय त्यो," ती म्हणाली, "आन मागं वरडत्यात त्या मेंढ्या बी आमच्याच हायत."