पिवळ्या मोहाचे लाडू

स्टॉल लावून दोन तास झाले, तरी गावातल्या एकाही माणसानं लाडू उचलला नव्हता. बाया यायच्या, टोपलीत डोकावायच्या आणि गुपचूप निघून जायच्या.

अंगणवाड्यांची सुपरवायझर म्हणून मी गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात चोवीस वर्षं काढली. किशोरी गट हे माझ्याच गळ्यात पडलेलं काम. मुलींनी एकत्र यावं, काहीतरी विकून निधी उभा करावा आणि त्यातून नेतृत्व शिकावं, अशी स्कीम. या गावच्या पाच मुलींना सायकली हव्या होत्या. आठवीनंतरची शाळा सात किलोमीटरवर आणि वाटेत वाघाचं जंगल. सायकल नाही तर शाळा नाही, असं घरच्यांनी सांगून टाकलं होतं.

गटाची अध्यक्ष सुमित्रा, आठवीतली. मोहफुलांचे लाडू ही तिचीच कल्पना. फक्त तिला ते पंधरा दिवसांनी करायचे होते.

"नव्या मोहाचा पंडुम नाई झाला, मॅडम. तोवर आमी खात नाई."

पंडुम म्हणजे नवं फळफूल आधी देवाला दाखवायचा सण. मला ते माहीत होतं. पण तालुक्याच्या ऑफिसातून माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला होता, "मॅडम, मार्च एंडिंग आहे. शुक्रवारी व्हिजिटला येतो. फोटो पाहिजेत."

"मग जुना मोहा घ्या," मी म्हणाले.

"सरला, मॅडम. मूठ-दोन मूठ हाय."

"त्यात नवा मिसळा. लाडवात कोणाला कळतंय?"

जन्मभर मोहा वेचणाऱ्यांच्या गावात मी हे बोलले! जुना मोहा काळपट, नवा पिवळसर. टोपलीकडे नजर जाताच सगळ्यांना कळलं होतं.

दुपारी गायता, म्हणजे गावचे पुजारी, आले. साहेब माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते.

"नवा मोहा कोणं टाकाले लावला?" गायत्यांनी विचारलं.

सुमित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं.

"मीच," ती म्हणाली. "बाकीच्या पोरींचा दोष नाई. मीच सांगतलं."

माझं एक वाक्य पुरलं असतं. मी रजिस्टरात डोकं खुपसलं. त्याची लाज आजही वाटते.

लाडू मातीत गेले. गावानं गट बंद केला. शाळा उघडली तेव्हा पाचही मुली घरीच होत्या. पुढे पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत सुमित्रा बांधावर भेटली. तिनंच हाक मारली.

"मॅडम, पंडुम झाल्यावर केले असते तं सारे खपले असते."

मी हो म्हणाले आणि गाडीत बसले.

'नेतृत्वगुण दिसून आलेल्या मुली' या कॉलमात मी मार्चमध्येच 'एक' लिहून दिलं होतं. आकडा बरोबर होता. शिकवणाऱ्या बाईत तो गुण आहे का, हे फॉर्ममध्ये कुणी विचारलं नव्हतं.