खजुराच्या कोठीतली लदीन

ऐका, पण मध्येच हसू नका. हसायची जागा आली की मीच सांगेन.

आम्ही वसईचे. आमचे हे तेव्हा ओमानात, रुसैलच्या एका कारखान्यात फोरमन. त्या साली माणसं कमी करत होते आणि यांचा व्हिसा अडकला होता. अर्बाब, म्हणजे यांचा मालक, रोज म्हणायचा, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात." मी भांडी बांधायला घेतली. तर शेजारची हमीदा, रत्नागिरीची, म्हणाली, "तेरेजबाय, घरात बसून वेडी होशील. चल समुद्रावर." तिच्या नवऱ्याच्या पिकपमधून आम्ही चौघं कुरियातकडे गेलो.

तिथे एक पडका किल्ला. अर्धा बुरूज उभा, अर्धा समुद्रात. हमीदाचा नवरा म्हणाला, "फिरंग्यांचा आहे म्हणतात." झालं! मी वसईच्या किल्ल्यात चिंचा पाडत वाढलेली बाई. फिरंग्यांचा किल्ला म्हटला की आत चर्च असणारच. शोधलं आणि सापडलं!

काळोखी, लांबट खोली. जमिनीवर ओळीने उंचवटे, मध्ये पन्हळी, कोपऱ्यात पुरलेला रांजण.

"या गुडघे टेकायच्या रांगा," मी सांगितलं. "आणि रांजण पवित्र पाण्याचा."

"कुरीस कुठाय?" यांनी क्रूस शोधत विचारलं.

"चोरीला गेला असेल. तुम्ही गप्प बसा."

"एवढ्याशा खोलीत चर्च?" हमीदा पुटपुटली.

"तुझ्या मशिदीबद्दल मी कधी काही बोलले?"

मी तिथेच गुडघे टेकून नवस बोलले: यांचा व्हिसा होऊ दे, इथे येऊन लदीन करीन. लदीन म्हणजे आमच्याकडे गावच्या कुरसासमोर सगळे मिळून प्रार्थना म्हणतात, मग उकडलेले चणे वाटतात, ती. उंचवटे गुडघ्यांत असे रुतले की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भक्तीचं.

आणि व्हिसा झाला!

"तेरेज, इथे चर्चच्या आवाराबाहेर अशी प्रार्थना चालत नाही," हे म्हणाले. "कोणी पाहिलं तर झालेला व्हिसा जाईल."

"आणि नवस फेडला नाही तर राहील का?"

शुक्रवारी मी मस्कतच्या कुरुम भागातल्या आमच्या वसईकर बायका गोळा केल्या, मेणबत्त्या आणि चण्यांचा टोप घेतला. हमीदा चणे सांभाळायला, आणि हे कुरकुरत मागून.

लदीन रंगात आली आणि दारात अंधार झाला. किल्ल्याचा म्हातारा पहारेकरी! पांढरा पायघोळ डिशडाशा, हातात काठी. बायकांनी प्रार्थना सोडून मेणबत्त्या फुंकल्या. हे भिंतीला चिकटले. मी एकटी म्हणत राहिले. थांबले असते तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं ना!

तो काठीवर टेकून उभा राहिला. संपल्यावर मी पहिली वाटी चणे त्याच्याच हातात कोंबली.

"अम्मा," तो चणे चावत म्हणाला, "ये तो खजूर का गोदाम है. इधर क्या गाना गाता तुम लोग?"

मग त्याने सगळं नीट दाखवलं. उंचवट्यांवर खजुराची पोती रचायची. भाराने रस गळून पन्हळीतून रांजणात. शत्रू आला की तोच रस उकळून वरून ओतायचा, दारावर भोकसुद्धा ठेवलंय. गंजकी तोफ दाखवली, बुरुजावर नेऊन समुद्र दाखवला. असा सुंदर समुद्र मी इतक्या वाईट मनःस्थितीत कधी पाहिला नव्हता. मागे हमीदा ओढणी तोंडात कोंबून थरथरत होती.

परतताना गाडीत मी विचारलं, "म्हणजे मी नवस बोलले कोणाला?"

"खजुराला," हे म्हणाले. "आणि पावला."

आता तुम्हीच सांगा, यांचा व्हिसा दर दोन वर्षांनी संपायचा. एकदा पावलेली जागा सोडायची कशी? जात राहिले मी. पहारेकरी लांबूनच ओरडायचा, "अम्मा, चना लाया?" शेवटच्या खेपेला तर त्याने कोठी झाडून ठेवली होती, आणि माझ्या गुडघ्यांखाली घालायला खजुराचं रिकामं पोतं.

हं, हसा आता.