वेशीबाहेर उभे केलेले यल्लाप्पा गुरुजी

बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या शेडमध्ये भीमरत्न फायबरचे पुतळे करायचा. कुणाच्या मंडळाला हत्ती, कुणाच्या हॉटेलला फेटेवाला. हिंडलग्याजवळ एक ट्रस्ट 'जुनं गाव' नावाचं कायमचं प्रदर्शन उभारणार आणि मांडणीसकट सगळं काम आपल्याला, हे कळलं तेव्हा तो हरखून गेला.

नकाशा त्यानंच काढला. बघणारा वेशीतून आत शिरणार, मग चावडी, लोहाराची भट्टी. आणि वाट वळते तिथं, समोरच नजरेत भरेल अशी शाळा. शाळेतल्या मास्तरांना त्यानं आपल्या वारलेल्या वडिलांचा चेहरा दिला, अंगावर खरा कोट आणि धोतर चढवलं. यल्लाप्पा गुरुजी गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मून गावच्याच शाळेत मास्तर झाले होते. ट्रस्टचे अध्यक्ष मारुतीराव त्यांच्याच हाताखाली बाराखडी शिकलेले.

"गुरुजीच की रं! लई हुबेहूब," शेडमध्ये पुतळा बघून मारुतीराव म्हणाले होते.

मांडणी पुरी करून त्यानं जागा ट्रस्टच्या ताब्यात दिली. उद्घाटनाला भीमरत्न आईला, लक्ष्मीबाईला, घेऊन गेला. आई वेशीपाशीच थबकली. वेशीच्या बाहेरच्या अंगाला गुरुजी उभे होते. कोट गेलेला, अंगावर फाटकं घोंगडं, हातात काठी. खाली पाटी, 'वेसकर'. वेस राखायचं, वस्तीच्या माथी पिढ्यान्पिढ्या मारलेलं काम.

"हे तुझं आप्पा न्हवं व्हय रं?"

भीमरत्न आत धावला. शाळेत कुठूनसा आणलेला पगडीवाला पंतोजी बसवला होता. त्यानं मारुतीरावांना गाठलं.

"अण्णा, हे काय केलं?"

"अरे, जुनं गाव हाय हे. जुन्या गावात तुमच्यातला मास्तर कुठनं आणायचा? आन् नाव कुठं लिवलंय? पुतळा तर हाय."

"मग तुमाला कुणी शिकवलं?"

मारुतीराव पाहुण्यांकडं वळले.

बाहेर आई पुतळ्याच्या अंगावरचं घोंगडं ओढत होती. फोटो काढणारी एक बाई म्हणाली, "मावशी, जरा बाजूला सरका, तुम्ही मधे येताय."

भीमरत्ननं पुतळा परत मागितला, पैसे फेडायचीही तयारी दाखवली. ट्रस्टची मालमत्ता आहे, उत्तर आलं. वस्तीतली जाणती माणसं बोलायला गेली. त्यांना चहा पाजून परत धाडलं.

आता तो बेळगावच्या कापड दुकानांना पुतळे पुरवतो, नाक-डोळे नसलेले. कुणी चेहऱ्याचं काम घेऊन आलं, तर दुसऱ्या कारागिराचा नंबर देतो.