रविवारी उघडणारी दारं

माझ्या लेकीला माणसांची सवयच नव्हती. तिसरं वर्ष लागलं तरी कोणी नुसतं "ये गो" म्हटलं की माझ्या साडीत तोंड खुपसून भोकाड पसरायची. नवरा पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. पहाटे गेला की अंधार पडल्यावर घरी. बाहेर ट्रकांची रांग आणि तांबडी धूळ, म्हणून आमच्या भाड्याच्या खोलीचं दार दिवसभर बंद. आत आम्ही दोघीच. चवळी निवडतानासुद्धा माझी तिच्याशी बडबड चालू असायची. आई म्हणायची, पोर माणूसघाणी होणार. मला भारी राग यायचा. माणसं मी आणू तरी कुठून?

एकदा नळावर शेजारणीने विचारलं, रविवारी तुम्ही असता कुठे? मग कळलं. रविवारी ट्रक बंद. त्या दिवशी सगळी दारं उघडतात, पोरं रस्त्यावरच खेळतात. आणि आम्ही नेमके त्याच दिवशी पहिल्या बसने दोडामार्गाला, माझ्या माहेरी! काय म्हणावं या अकलेला.

पुढच्या रविवारी गेलो नाही. नवरा झोपला होता, मी लेकीला घेऊन पायरीवर बसले. पोरं करवंट्यांत तांबड्या मातीचा भात शिजवत होती. बराच वेळ ती मला चिकटून होती. मग गेली आणि सरळ एकीची करवंटी हिसकावली. त्या मुलीने तिला ढकललं. मी धावले. समजूत काढून परत बसते न बसते तोच पुन्हा भांडण, पुन्हा मी.

शेजारीण म्हणाली, "तू भितर जा गो. तू हंय बसलंस तर ता तुझ्याच तोंडाकडे बघीत रवतला."

आत गेले. दाराआड उभी राहिले. ती रडली तेव्हा कडीवर हात गेला होता, पण रडणं आपोआप थांबलं. थोड्या वेळाने हसणं ऐकू आलं. बाहेर डोकावले तर लेकीचं हातातली करवंटी त्याच मुलीपुढे धरून "खा, खा" चाललेलं. मला राहवेना, मी पायरी उतरले.

तिने मान वर केली. "आई, तू नको येऊ."

मी परत आत आले. नवरा घोरत होता. पोरीचं भलंच झालं होतं, तरी मला रडू आवरेना. त्या गावात बोलायला मला ती एकटीच होती.